धर्मग्रामाची वांगी

वसईच्या माणसाला भाजी लावायला शिकवण्यासाठी ठाण्याहून प्रशिक्षक आणावा लागतो, हे माझ्या आजोबांना कळलं असतं तर त्यांनी आधी प्रशिक्षकाची कीव केली असती आणि मग आमची. नंदाखाल, गिरीज, निर्मळ, आगाशी हा सगळा पट्टा वाड्यांचा. केळी, पानवेली, मोगरा, अळू, वांगी, दुधी. वाडी तिथे विहीर आणि विहीर तिथे रहाट. विरारहून मुंबईकडे पहिली लोकल 1867 साली सुटली. इंग्रजांनी ती कोणाच्या सोयीसाठी सोडली ते त्यांनाच ठाऊक. पण पुढे त्या गाडीचं सार्थक केलं आमच्या बायकांनी. पहाटे टोपल्या चढवायच्या, दादरला उतरायचं आणि ऊन चढायच्या आत टोपली रिकामी करून परतीची गाडी पकडायची. या बायकांची नातवंडं गेल्या सप्टेंबरात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये वही-पेन घेऊन बसली होती आणि समोर पडद्यावर अक्षरं उमटली होती : 'माती – एक ओळख'.

निमित्त होतं 'लाउदातो सी'चं. पोप फ्रान्सिस यांनी हे परिपत्रक 2015 साली काढलं. पृथ्वी हे सगळ्यांचं सामाईक घर आहे, त्याची नासाडी आवरा, असा त्याचा मथितार्थ. चर्चमध्ये 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, 'निर्मितीचा काळ' पाळला जातो. पहिली काही वर्षं आम्ही तो पोस्टर स्पर्धेवर भागवला. 'झाडे वाचवा' असं लिहायला लागणारा एवढा कागद कशापासून होतो, ही शंका फक्त सातवीतल्या एका मुलीने काढली, आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस देऊन गप्प बसवण्यात आलं.

मग नवे फादर आले. त्यांनी प्रवचनातच जाहीर केलं की चर्चमागची पडीक जागा आता धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, सामूहिक बाग होणार. पिकेल ती भाजी आधी गरजू घरांना आणि उरलेली राबणाऱ्यांना. यातल्या 'उरलेली'कडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही. नावं द्यायला रांग लागली. चर्चच्या कामाला आमच्याकडे माणसं कमी पडत नाहीत. काम कमी पडतं, म्हणून तर समित्या नेमाव्या लागतात.

प्रशिक्षक मुलगा मोठा गोड होता. खिशांवर खिसे असलेली पँट, गळ्यात शिट्टी (ती कशासाठी, हे शेवटपर्यंत कळलं नाही) आणि लॅपटॉपमध्ये अख्खी अमेरिका. तिकडे या गोष्टीचं शास्त्र झालंय. अमेरिकन कम्युनिटी गार्डनिंग असोसिएशन ही संस्था 1979 पासून याच उद्योगात आहे आणि चर्चच्या बागा तर गावोगाव. बाल्टिमोरमधल्या प्लेझंट होप बॅप्टिस्ट चर्चचे पाळक हेबर ब्राऊन यांनी पाहिलं की आपल्या मंडळीतली माणसं खाण्यापिण्याशी निगडित आजारांनी इस्पितळात पडतायत, आणि चांगली ताजी भाजी त्यांना परवडत नाही. त्यांनी चर्चपुढची हिरवळ खणून तिथे भाजी लावली आणि 2015 मध्ये कृष्णवर्णीयांची चर्च आणि कृष्णवर्णीय शेतकरी यांना जोडणारं जाळं उभं केलं. गोष्ट ऐकून हॉल भारावला. फक्त आमच्या फाटकाबाहेर त्याच क्षणी चार भाजीवाल्या बसलेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीची 'मेथी घ्या मेथी' ही आरोळी बाल्टिमोरच्या मधोमध ऐकू येत होती.

पडद्यावरचं मराठी घाईत झालं असावं. टोमॅटोची रोपं शेवटचं हिम पडून गेल्यावर लावावीत, वाफ्याच्या चौकटी देवदाराच्या कराव्यात आणि हरणांसाठी आठ फुटी कुंपण घालावं, असं एकेक येत होतं. वसईत हिम पडायचं तर देवाला स्वतः लक्ष घालावं लागेल. मॅनेजरकाकांनी (बँकेतून निवृत्त, आता चर्चच्या प्रत्येक समितीचे खजिनदार) वहीत हरणाच्या जागी 'शेळी' आणि देवदाराच्या जागी 'जुने बाक' असं लिहून घेतलं आणि वर्ग पुढे सरकला.

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून मावशी बसल्या होत्या. सगळ्यांच्याच मावशी. त्यांची वाडी चर्चच्या कुंपणाला लागून आहे आणि बागेच्या जागेवरून त्यांच्या केळीत काय काय शिरणार, हे बघायला त्या आल्या होत्या. प्रशिक्षकाने त्यांना प्रेमाने विचारलं, "आजी, तुम्हाला बागकामाचा काही अनुभव?"

"नाही रे बाळा," मावशी म्हणाल्या. "आम्ही कुठली बाग केली? आम्ही आपली भाजी पिकवायचो."

त्याने कागदावर 'अनुभव नाही' अशी खूण केली.

दुपारच्या सत्रात जीवामृत होतं. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवायचं आणि रोज काठीने ढवळायचं. शेणाला कोणी नाक मुरडलं नाही, पण गूळ आणि बेसन म्हटल्यावर महिला मंडळ अस्वस्थ झालं. एवढ्या ऐवजात काय काय झालं असतं याचा हिशेब कुजबुजीत सुरू झाला आणि पिंपाकडे बघण्याची नजरच बदलली. खरी अडचण शेणाचीच निघाली. एके काळी ज्या गावात शेणात पाय पडल्याशिवाय मिस्साला पोचता येत नसे, तिथे आता शेण मिळेना. मॅनेजरकाकांनी ते मोबाइलवरून मागवलं. ते खोक्यात, फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की वापरलेला माल परत घेतला जाणार नाही.

हा विसर आपोआप पडलेला नाही. तो नीट ठरवून पाडलेला आहे. आमच्या आधीच्या पिढीने रहाट हाकत आणि टोपल्या वाहत एकच नवस केला होता, पोराच्या नखात माती दिसता कामा नये. वाडीत लुडबुडायला आलेल्या मुलाला 'अभ्यास कर' म्हणून हाकललं जाई. पोरं शिकली, चर्चगेटला नोकरीला लागली, आणि आजी ज्या मार्गाने टोपली नेत असे त्याच मार्गावर लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून उभी राहिली. मग बिल्डर आले, टँकर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, लोक रस्त्यावर उतरले, म्हणून आज जे काही हिरवं दिसतं ते दिसतं. पण जमिनीखालचं गोडं पाणी उपसत गेलं की त्याची जागा समुद्र घेतो, आणि समुद्राला मोर्चा दाखवून उपयोग नसतो. कित्येक विहिरी मचूळ झाल्या. तेव्हा त्या ठाण्याच्या मुलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जे घरात ओरडा खात फुकट शिकता आलं असतं, ते वर्गणी भरून आणि प्रमाणपत्रासह परत घेणं चाललं होतं. प्रमाणपत्र मिळालंही. लॅमिनेट केलेलं.

प्रत्यक्ष कुदळ पडली तेव्हा मातीची खरी ओळख झाली. वरच्या थरात सणाच्या दिवशीचे प्लास्टिकचे ग्लास, त्याखाली हॉलच्या जुन्या लाद्या, त्याखाली हॉलच्या त्याहून जुन्या लाद्या. एका खड्ड्यात कुठल्याशा निवडणुकीतल्या उमेदवाराचा फ्लेक्स निघाला. सगळं कुजलं होतं, हात जोडून केलेलं हास्य शाबूत होतं. मावशींनी चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली, वास घेतला आणि चर्चच्या विहिरीचं पाणी जिभेला लावून थुंकल्या. प्रशिक्षक तोवर त्याच पाण्याचा नमुना बाटलीत भरून तिच्यावर लेबल चिकटवत होता.

"घेवडा लावू नका," मावशी म्हणाल्या, "मिठाला टिकायचा नाही. पालक घाला, माठ घाला. वांगी हवीच असतील तर माझ्या विहिरीचं पाणी न्या."

यथावकाश प्रयोगशाळेचा अहवाल आला : पाण्यात क्षार अधिक, सबब क्षार सोसणारी पिकं निवडावीत. समितीने तो एकमताने मंजूर केला आणि मावशींच्या सल्ल्याला शास्त्रीय आधार मिळाल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. मावशींनीही समितीचा मान राखला. वांग्याची रोपं त्यांनीच दिली. बाजारात मिळतात त्याहून रुपया जास्त लावून. धर्माच्या कामात घासाघीस करू नये, हे त्यांनीच आम्हाला समजावलं.

इथवरचा प्रकार कुठल्याही हाउसिंग सोसायटीत घडला असता. चर्चची बाग वेगळी पडते ती यापुढे, कारण इथे प्रत्येक आळसाला शास्त्राधार मिळतो. प्रभू येशूची शिकवण शेतावरून गेलेली आहे : पेरणारा, मोहरीचा दाणा, द्राक्षमळा, अंजीर. दर रविवारी हे ऐकत वाढलेल्या माणसाच्या हातात खुरपं दिलं की तो ते बाजूला ठेवतो आणि दाखला देतो.

वाफ्यांत तण माजलं त्या आठवड्यात पाळी कॉयरच्या मुलांची होती. विचारल्यावर त्यांच्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचा. गव्हात निदण उगवलं तर मालक ते उपटू देत नाही. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल म्हणतो. कापणीपर्यंत थांबायला सांगतो." युक्तिवाद बिनतोड होता. समितीत त्यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि शुभवर्तमानाचा मान राखून तण तूर्त तसंच ठेवावं असं ठरलं. संध्याकाळी मावशींनी कुंपण ओलांडून दोन वाफे साफ केले. "त्या मालकाचे मजूर नवखे असतील," एवढंच म्हणाल्या. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर तर त्यांचा जुनाच राग आहे. वाटेवर, खडकावर, काट्यांत बी सांडत जाणारा तो माणूस त्यांना एवढ्या वर्षांत कधी पटलेला नाही. बियाणं काय फुकट येतं?

हॉलच्या कोपऱ्यात एक पपईचं झाड आहे. वाढलंय ताडमाड, फुलांचे लांब तुरे लोंबतात, फळ म्हणाल तर एक नाही. ते तोडावं असा विषय पॅरिश कौन्सिलमध्ये निघाला की कोणीतरी लूकच्या शुभवर्तमानातलं अंजीर पुढे करतं. फळ न देणाऱ्या त्या अंजिरासाठी माळी मालकाकडे आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणतो, खत घालतो म्हणतो. त्याला अनुसरून आमच्या पपईला दर वर्षी एक वर्षाची मुदतवाढ आणि आळंभर खत मिळत आलेलं आहे. पोर्तुगीजांनी पपई या किनाऱ्यावर आणली, पण तिच्यात नर वेगळा नि मादी वेगळी असते ही माहिती बहुधा गलबतातच राहिली.

"तो बाप्या आहे," मावशींनी समितीला सांगितलं. "शंभर वर्षं खाऊपिऊ घाला, नुसता उभा राहील."

महिला मंडळातून या वाक्याला जी दाद मिळाली ती केवळ पपईपुरती नव्हती, असं मॅनेजरकाकांना वाटलं. त्यांनी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

पाणी घालायच्या पाळ्यांबद्दल फार लिहीत नाही. तक्ता सुंदर होता, चार रंगांत होता. सोमवार सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, मंगळवार कॉयर, बुधवार महिला मंडळ असा. डिसेंबर हा आमच्याकडे नाताळाचा आणि लग्नांचा महिना, त्यामुळे त्या महिन्यात पालकाला मंडपातला उरलेला बर्फ मिळाला तेवढाच. फादर स्वतः मात्र पहाटे बागेत असत. हाफ पँट, विटका टी-शर्ट, हातात पाइप. बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना लांबूनच हाक मारली, "ए दादा, फादर उठले का?" पुनरुत्थित ख्रिस्ताला मरिया मग्दालियानेही आधी माळीच समजलं होतं, हे आठवून फादर इतके खूश झाले की त्यांनी पुढच्या रविवारी त्यावरच प्रवचन केलं. ते गृहस्थ पहिल्या बाकावर होते.

जानेवारीत वांग्यांवर मावा पडला. पानं उलटून पाहिली तर खाली हिरवट ठिपक्यांची दाटी, बोट लावलं की चिकट. राख भुरभुरावी, असं सगळ्यांनाच एकदम आठवलं. आणि राख म्हटल्यावर चर्चमध्ये आणखी एक गोष्ट आठवते. राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात. तिची एक बरणी वेदीमागच्या कपाटात शिल्लक होती. आशीर्वाद दिलेली राख वांग्यांवर टाकावी का, यावर समितीत तट पडले. एका बाजूचं म्हणणं की तीही देवाचीच निर्मिती. दुसरीचं म्हणणं की मग त्यांनी उपासही धरायला हवा. फादर म्हणाले, आशीर्वाद दिला नसेल तर खुशाल टाका. कपाटाची किल्ली सांभाळणारे आजोबा म्हणाले, दोन्ही राखा एकाच बरणीत आहेत. शेवटी मावशींच्या चुलीतली राख आली. तिच्या पावित्र्याबद्दल कोणाला कसलाही संशय नव्हता.

आणि फेब्रुवारीत वांगी धरली. जांभळी, मुठीत मावतील एवढी, देठाला काटे. तोडताना बोटांना टोचतात. ज्या दिवशी तोडणी होती त्या दिवशी बागेत अशी माणसं दिसली जी ऑक्टोबरनंतर कोणी पाहिली नव्हती. पांढरे बूट, गॉगल, आणि वांग्याचं झाड हाताने वाकवून काढलेले फोटो. ग्रुपवर ते फोटो येईपर्यंत गरजू घरांच्या पिशव्या भरून झाल्या आणि हॉलच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर, ती 'उरलेली' वांगी येऊन पडली. ढीग बेताचाच होता. माणसं बेताची नव्हती.

फादरांनी परिस्थिती ओळखली आणि द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला काढला. सकाळपासून उन्हात राबलेल्यांना एक दिनार ठरला होता, संध्याकाळी घटकाभर आलेल्यांनाही मालकाने एकच दिनार दिला; कुरकुर करणाऱ्यांना त्याने विचारलं की माझ्या उदारपणाचा तुम्हाला राग का? तेव्हा सगळ्यांना सारखा वाटा. गॉगलवाल्यांनी आमेन म्हटलं. इतक्या मनापासूनचं आमेन त्या हॉलने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मॅनेजरकाकांनी तरीही हजेरीचा तक्ता उघडला, कारण उदारपणासाठीसुद्धा यादी लागते. यादीत मावशींचं नावच नव्हतं. त्यांनी फॉर्म भरलेला नव्हता. हॉलमध्ये चुळबुळ झाली. कोणीतरी धावत जाऊन फॉर्म आणला, कॉयरमधल्या एका मुलीने तो भरला आणि मावशींनी सही केली. 'अनुभव' या रकान्यात काय लिहू, असं तिने विचारलं तेव्हा काकांनी जुना कागद पाहून सांगितलं, "नाही."

मावशींचं मात्र लक्ष फॉर्मकडे नव्हतं, ढिगाकडे होतं. "फादर," त्या म्हणाल्या, "त्या मालकाने पैसे वाटले. दिनार सगळे सारखे. वांगी वाटायची तर काटा लागतो."

याला शास्त्राधार नव्हता, पण तोडही नव्हती. एका मुलाला बाजारात पिटाळलं. तो काटा घेऊन आला, आणि काट्यामागून काट्याची मालकीण, मासळीची टोपली दुसरीच्या हवाली करून. माझा काटा मी परक्याच्या हाती देत नाही, म्हणाली. तिने उभ्या उभ्या ढिगाचा अंदाज घेतला, काट्याचं भाडं म्हणून निवडून निवडून अर्धा किलो वांगी आधी आपल्या पिशवीत टाकली आणि मग भराभर सगळ्यांचे वाटे घातले. कोणाची कुरकुर करायची छाती झाली नाही. सकाळपासून राबलेले, दुपारी आलेले, फोटोपुरते आलेले, सगळे रांगेत मुकाट उभे राहिले. ती काटा खांद्याला लावून फाटकाबाहेर पडली तेव्हा फादरांचा चेहरा एकदम उजळला.

"बघा," ते म्हणाले, "सगळ्यांत शेवटी आलेली सगळ्यांत आधी वाटा घेऊन गेली! दाखला जुळला."

मावशी आपली वांगी हातात तोलून बघत होत्या. "दाखला जुळला, फादर," त्या म्हणाल्या. "पण तिच्या काट्याचा पासंग बघितलात का?"